जीआरई दुसऱ्यांदा देताना
परदेशी उच्चशिक्षणाच्या प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेत क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला, 158 आलेत, महिन्याभरात पुन्हा बसायचंय, तर नवा प्रश्नसंच घ्यावा का, हा तुमचा प्रश्न. माझं मत: इतक्यात नको, आणि परीक्षेचीही घाई नको. दोन परीक्षांत 21 दिवसांचं अंतर सक्तीचं आहे, पण तेवढ्यात गुण हलतीलच असं नाही. सहा-आठ आठवडे हाताशी ठेवा.

आधी जुन्या सराव परीक्षा उघडा. चुकलेलं प्रत्येक गणित वहीत घ्या आणि पुढे कारण लिहा: संकल्पना कच्ची, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपला? बरोबर आलेली पण अडीच मिनिटं खाल्लेली गणितंही त्यातच. ‘सिली मिस्टेक’ हे कारण चालणार नाही, त्यातून काही कळत नाही.

तुलनेच्या प्रश्नांत, म्हणजे दोन बाजूंपैकी मोठी कोणती ते विचारतात तिथे, बरेच जण हमखास घसरतात. क्ष शून्याहून मोठा, एकीकडे क्ष वर्ग, दुसरीकडे क्ष. 2 आणि 3 घालून बघितलं की पहिली बाजू मोठी वाटते. 1/2 घाला, उलटतं. उत्तर ‘ठरवता येत नाही’. अपूर्णांक, 0, 1, ऋण संख्या, जे दिलेल्या अटीत बसेल ते घालून बघायचंच.

क्वांटच्या पहिल्या सेक्शनला 12 प्रश्न, 21 मिनिटं. तिथल्या कामगिरीवर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून तिथे घाई महागात पडते. निगेटिव्ह मार्किंग नाही, कोरं काही सोडू नका.

पॉवरप्रेपच्या (जीआरईच्या अधिकृत ऑनलाइन सरावाच्या) दोन फुकट परीक्षा आधीच दिल्या असतील तर पुन्हा दिल्यावर येणारे गुण फुगलेले असतात, प्रश्न आठवतात. आणि हो, स्कोअर पाठवताना एका तारखेचं क्वांट, दुसऱ्या तारखेचं व्हर्बल (इंग्रजी भाषेचा भाग) अशी जोडणी करता येत नाही. व्हर्बलचा सराव सोडू नका.