संगणक ‘एस्टरेज’ म्हणतो. जनुकाचे कार्य ठरले असे मानावे का?

प्रश्न:
मातीतून वेगळ्या केलेल्या एका जीवाणूतील अनोळखी जनुकावर माझा एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. क्रमसाधर्म्य (ओळखीच्या जनुकांशी क्रमाचे साम्य) आणि अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने वर्तवलेली प्रथिनाची रचना या दोन्हींवरून त्याचे प्रथिन अल्फा-बीटा हायड्रोलेज कुळातील एस्टरेज, म्हणजे एस्टर-बंध तोडणारे विकर (एन्झाइम), असावे असे दिसते. ई. कोलाय या प्रयोगशाळेतील नेहमीच्या जीवाणूमध्ये तयार करून शुद्ध केलेले हे प्रथिन पॅरा-नायट्रोफिनाइल अ‍ॅसिटेटमध्ये (तुटल्यावर पिवळा रंग देणाऱ्या चाचणी-एस्टरमध्ये) मिसळले की द्रावण पिवळे होते. एवढ्यावर जनुकाचे कार्य सिद्ध झाले असे प्रबंधात लिहावे का?

उत्तर १:
लिहू नये. हे संयुग इतके सहज तुटते की आम्लारिधर्मी बफरमध्ये ते आपोआपही पिवळे होते आणि गाईच्या रक्तातील अल्ब्युमिनसुद्धा, जे मुळात विकरच नाही, त्याचे थोडेफार विघटन करते. शिवाय तुमच्या नमुन्यात ई. कोलायचे स्वतःचे एखादे एस्टरेज उरलेले असू शकते. म्हणून क्रियास्थानातील (विकर जेथे प्रत्यक्ष काम करते त्या भागातील) सेरीन या अमिनो आम्लाच्या जागी अ‍ॅलनीन घालून तेच प्रथिन त्याच पद्धतीने शुद्ध करा; पिवळेपणा टिकला, तर तो तुमच्या प्रथिनाच्या क्रियास्थानामुळे नव्हे.

उत्तर २:
ई. कोलायमधील बायोएच जनुकाचा इतिहास येथे पाहण्यासारखा आहे. हे जनुक बिघडले की जीवाणूला बायोटिन हे जीवनसत्त्व बाहेरून द्यावे लागते, एवढे जनुकशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु त्याचे प्रथिन नेमके काय करते हे कळत नव्हते. २००३ मध्ये त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, संगणकीय शोधात सेरीन, हिस्टिडीन आणि अ‍ॅस्पार्टेट यांचे, अशा विकरांच्या क्रियास्थानात आढळणारे, ओळखीचे त्रिकूट सापडले आणि विकरचाचण्यांत ते लहान साखळीच्या एस्टरांवर चालणारे कार्बॉक्सिलएस्टरेज ठरले. भाकीत आणि प्रयोग जुळले, तरी पेशीतील त्याचा खरा सबस्ट्रेट (विकर ज्यावर काम करते तो पदार्थ) अज्ञातच राहिला. २०१० मध्ये इलिनॉय विद्यापीठातील क्रोनन यांच्या गटाने दाखवले, की बायोसी हे दुसरे विकर बायोटिनच्या एका पूर्वद्रव्याला मेथिल गट चढवते, त्यामुळे ते मेदाम्ल-निर्मितीच्या यंत्रणेत शिरू शकते आणि साखळी पुरेशी वाढल्यावर बायोएच तो मेथिल गट काढून टाकते. ई. कोलायमध्ये बायोएच हे बायोटिनच्या मुख्य ओपेरॉनबाहेर (एकत्र चालणाऱ्या शेजारी जनुकांच्या गटाबाहेर) आहे, पण इतर काही जीवाणूंत ते त्या जनुकांच्या शेजारीच आढळते. तुमच्या जनुकाचे शेजारी अनेक जीवाणूंच्या जनुकसंचांत तपासा. माझ्या मते नुसत्या साधर्म्यापेक्षा तेथे अधिक हाती लागते.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. ते जनुक काढून टाकलेला वाण मात्र मूळ वाणाइतकाच वाढतो.

उत्तर ३:
आपण तो कोणत्या माध्यमात वाढवला? यीस्ट अर्क असलेल्या माध्यमात बायोटिनसह बरेच काही आयते मिळते, त्यामुळे बायोएच नसलेला ई. कोलायही तेथे निरोगी दिसतो. किमान माध्यमात (फक्त अत्यावश्यक घटक असलेल्या), एकेक कार्बनस्रोत बदलून, वाढ मोजा. फरक दिसल्यास प्लाझ्मिडवरून (स्वतंत्र लहान डीएनए-वलयावरून) जनुक परत देऊन तो नाहीसा होतो का, हेही पाहा. अन्यथा ओपेरॉनमधील पुढच्या जनुकाचे काम बिघडल्याचा परिणाम आपण याच जनुकाच्या नावावर लिहाल. तोवर प्रबंधात ‘एस्टरेज-सक्रियता दाखवणारे, पेशीतील कार्य अनिश्चित असलेले प्रथिन’ असे लिहावे.