रिकव्हरी पडली की पाण्यावर खापर?

थिकनरवाला
फ्लोटेशनमध्ये आपण दळलेलं धातुक पाण्यात घालून हवं ते खनिज फेसावर तरंगवून काढतो. फेसातून मिळालेला माल म्हणजे कॉन्सन्ट्रेट, आणि धातुकातला किती धातू त्यात आला ती रिकव्हरी. कॉन्सन्ट्रेटमधल्या भेसळीच्या चर्चेत 'गॅलेना' यांनी लिहिलंय: "नाचता येईना अंगण वाकडं. रिकव्हरी पडली की पाण्याच्या नावाने बोटं मोडायची. पाणी निव्वळ वाहक आहे. धातुक बघा, दळण बघा." हे वाचून गप्प बसवेना.

जस्ताच्या सर्किटला (जस्त तरंगवायच्या टाक्यांना) आपण कॉपर सल्फेट घालतो ते स्फॅलराइट, म्हणजे जस्ताचं खनिज, सक्रिय व्हावा, तरंगायला तयार व्हावा म्हणूनच. तेच पाणी टेलिंग डॅमवरून (उरलेल्या गाळाच्या तळ्यावरून) फिरून शिशाच्या सेलमध्ये (तरंगवायच्या टाकीत) आलं की तिथलाही स्फॅलराइट सक्रिय होतो. पृष्ठभागावर तांबं बसलं की झँथेट (खनिज बुडबुड्याला धरवणारं रसायन, म्हणजे कलेक्टर) चिकटलंच. मग जस्त शिशाच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये जातं, त्याचे पैसे बुडतात आणि वर स्मेल्टर दंड कापतो.

आमच्याकडे ताजं पाणी तोडून सगळं परतीचं पाणी सुरू केलं. धातुक खाणीतल्या त्याच स्टोपमधलं (खोदकामाच्या जागेतलं), मिलच्या दळणाचा साइजही तोच. शिशाच्या पहिल्या सेलवरचा चकचकीत करडा फेस तपकिरी पडला. फ्रॉदर (फेस आणणारं रसायन) बंद केला तरी फेस लाँडरमध्ये (फेस वाहून नेणाऱ्या पन्हळीत) फुटेना, पंप हवा धरू लागला. हे वाहकाचं काम आहे का?

गॅलेना
एका प्लांटच्या गोष्टीवरून नियम काढू नका. पीएच १० च्या चुन्याच्या पाण्यात विरघळलेलं तांबं उरतं किती? हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. मी पाहिलंय ते वेगळंच. ढिगात महिनोन्महिने पडून ऑक्सिडाइज झालेलं धातुक मिलमध्ये गेलं की स्वतःच शिशाचे आणि तांब्याचे आयन सोडतं. त्या वेळीही सगळे पाण्यामागे लागले होते. पाणी बदललं, फरक शून्य. ढीग बदलला, शिशाच्या मालातलं जस्त उतरलं. चोर सोडून संन्याशाला सुळी!

थिकनरवाला
जस्त दाबायला, म्हणजे तरंगू न द्यायला, घालतात ते सायनाइड विसरलात. सायनाइडशी जोडलेलं तांबं चुन्याने बसत नाही, विरघळलेलंच फिरत राहतं. पीएच आणि टीडीएसवर (विरघळलेल्या एकूण क्षारांवर) संपणाऱ्या रिपोर्टमध्ये ते दिसणार कुठून?

ओलिएट
सगळे सल्फाइडवरच (शिसं-जस्ताच्या गंधकवाल्या खनिजांवरच) अडकलात. आमच्याकडे कलेक्टर फॅटी ॲसिड, म्हणजे साबणच. पाण्यात कॅल्शियम वाढलं की कलेक्टरचा चोथा होऊन बसतो. वर तेच कॅल्शियम चढ्या पीएचला क्वार्ट्झ सक्रिय करतं, म्हणजे ग्रेडही (मालाची शुद्धताही) जातो. "निव्वळ वाहक" म्हणणाऱ्याने अशा कॅल्शियमवाल्या पाण्यात आमचा फ्लोराइट तरंगवून दाखवावा.

खारंपाणी
मीठ म्हणजे वाईटच, असंही नाही. कॅनडातला रॅगलानचा निकेल प्लांट खारट पाण्यावर फ्रॉदरशिवाय चालवला गेलाय, कारण मीठ बुडबुड्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. पण समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. पायराइट (लोखंडाचं नको असलेलं खनिज) दाबायला पीएच १० च्या वर नेलात की मॅग्नेशियमचं हायड्रॉक्साइड होतं आणि मॉलिब्डेनाइट (मॉलिब्डेनमचं खनिज) बुडतं. चुनाही भरमसाट जातो.

तिसरीपाळी
मूळ दुखणं लॅबमध्ये आहे. टेस्ट सगळ्या नळाच्या पाण्यात करायच्या, त्यावर डोस ठरवायचे, सेलची संख्या ठरवायची आणि प्लांटला परतीचं पाणी पाजायचं. मग आकडे जुळले नाहीत की ऑपरेटर नालायक! रात्रभर एअर आणि लेव्हलशी झुंजणारे आम्ही, सकाळी मेमोही आम्हालाच.

बेंचसेल
हे ऐकून घेणार नाही. नमुन्याबरोबर पाणी पाठवतं कोण? मागितलं की ड्रम येतो, तोही आठवड्यांनी. तोवर झँथेट मोडलेलं, थायोसल्फेट (पाण्यातला गंधकाचा क्षार) ऑक्सिडाइज होऊन पीएच घसरलेला. ते तुमचं प्लांटचं पाणी उरतच नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेटचे क्षार घालून आम्ही पाणी बनवतो. त्यात उरलेलं झँथेट आणि धातूंचे आयन किती घालायचे, हे सांगायला तुमच्याकडे आकडे नसतात.

तिसरीपाळी
मग रिपोर्टच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा की आकडे नळाच्या पाण्याचे आहेत! परिशिष्टात लपवता कशाला?

बेंचसेल
लपवत नाही. पुढची पानं कोणी उघडत नाही. लॉक्ड सायकल टेस्ट (मधला माल पुढच्या फेरीत परत घालत केलेली टेस्ट) सुचवली की पाणी फिरवून थोडा तरी अंदाज येतो. ती "खर्चिक" म्हणून कोण कापतं? आम्ही नाही.

गॅलेना
लॅबवरून भांडण कुठल्या कुठे गेलं. सायनाइडचा मुद्दा मान्य, एवढाच. धातुक न तपासता पाण्याला फाशी देऊ नका, हे मी सोडणार नाही. आणि पाणीच दोषी असेल तर दोन्ही सर्किटचं पाणी एका तळ्यात ओतायला कोणी सांगितलं? शिशाच्या थिकनरचं (गाळ बसवून पाणी वेगळं करणाऱ्या टाकीचं) पाणी शिशालाच परत द्या, जस्ताचं जस्ताला.

थिकनरवाला
हेच तर सांगतोय! वेगळ्या पाइपलाइनचा प्रस्ताव दोनदा फेटाळला, कारण वर तुमच्यासारखंच कोणीतरी म्हणालं की पाण्याने काय होतंय. एकच धातुक, तेच डोस, एकदा ताजं पाणी आणि एकदा परतीचं, एवढी जोडटेस्ट तरी होऊ द्या. ढिगातलं ऑक्सिडाइज धातुकही त्यात धरा. चालेल?

गॅलेना
ढीग धरणार असाल तर चालेल.

बेंचसेल
करते. पण पाणी त्याच दिवशी भरलेलं हवं, झाकणापर्यंत, हवा न ठेवता. आणि पोचायच्या आधी पीएच, तांबं, झँथेट जागेवर मोजून लेबलवर लिहा. बिनलेबलचा ड्रम घेणार नाही.