पहिला रीफ घेतल्यावरही मेनसेल फुगीरच राहतं

प्रश्न: बोट 26 फुटी. रीफ घेताना, म्हणजे जोराच्या वाऱ्यात मेनसेल (मुख्य शीड) थोडं उतरवून लहान करताना, लफचं (शिडाच्या डोलकाठीकडच्या कडेचं) क्रिंगल (शिडात बसवलेलं कडं) गूजनेकच्या (डोलकाठी आणि शिडाखालची आडवी काठी, म्हणजे बूम, यांचा सांधा) हुकात अडकवायचं, क्लूची (मागच्या खालच्या कोपऱ्याची) रीफ लाइन, म्हणजे दोरी, बूममधून विंचवर (दोरी ओढायच्या चक्रावर) येते. वारा 18 नॉटच्या (ताशी सागरी मैल) वर गेला की रीफ घेतो, पण शिडाच्या खालच्या भागात पोट राहतं, सुकाणू जडच लागतं. शिवाय मधल्या बांधण्यांची (शिडातून ओवलेल्या छोट्या दोऱ्यांची) छिद्रं लांबुळकी व्हायला लागली आहेत. क्रम चुकतोय का?

प्रतिसाद 1: छिद्रांकडे आधी बघा, शीड तिथूनच फाटतं. बांधण्या फक्त सैल कापड आवरायला असतात. ताण पुढच्या आणि मागच्या क्रिंगलनेच घ्यायचा. तुमची क्लूची लाइन पुरती ओढली जात नाहीये.
जिब (पुढचं शीड) वाऱ्याने भरलेलं ठेवून बोट वाऱ्याकडे आणा, मेनशीट (बूम आत-बाहेर करायची दोरी) आणि वँग (बूम खाली ओढून धरणारी दोरी) दोन्ही सोडा. वँग राहिला तर बूम वर येत नाही आणि क्लू खाली बसत नाही. टॉपिंग लिफ्टवर (बूमचं मागचं टोक वरून धरणाऱ्या दोरीवर) बूम पेला, हॅलियार्ड (शीड वर चढवायची दोरी) खुणेपर्यंत सोडा, हुक लावा. मग हॅलियार्ड पुन्हा कडक, लफला उभी घडी दिसेपर्यंत. क्लू यानंतरच, आधी ओढलात तर लफ ताणलाच जाणार नाही. शेवटी टॉपिंग लिफ्ट सैल, मेनशीट, वँग. बांधण्या सगळ्यात शेवटी. रीफ काढताना मात्र त्या सर्वांत आधी सोडायच्या, एकही विसरून चालणार नाही.

प्रतिसाद 2: क्रम बरोबर असूनही पोट राहिलं तर लाइन बूमवर कुठे बांधली आहे ते तपासा. ती जागा रीफ क्लूच्या थोडी मागे हवी, म्हणजे लाइन खाली आणि मागे दोन्हीकडे ओढते.

प्रश्नकर्ता: लाइन सरळ खालीच येते! आणखी एक, स्लाइड्सचा (शीड डोलकाठीवर धरणाऱ्या सरकत्या तुकड्यांचा) ढीग आड येतो, क्रिंगल हुकापर्यंत जेमतेम पोचतं.

प्रतिसाद 2: मग रीफ लाइनची बूमभोवतीची बोलाइन गाठ (न सरकणारा फास) थोडी मागे सरकवा. हुकासाठी क्रिंगलमधून जाड वेबिंगची (विणलेल्या पट्ट्याची) पट्टी ओवा, दोन्ही टोकांना स्टीलची कडी शिवा. क्रिंगलऐवजी कडी अडकवायची.

प्रतिसाद 3: बांधण्या शक्यतो बूमभोवती नको, शीड आणि बूम यांच्या मधून घ्या. फूट (शिडाची खालची कड) बूमच्या खाचेत असेल तर ते जमणार नाही, तेव्हा सैलच बांधा. क्लू क्रिंगलमधून बूमभोवती एक वेगळी दोरीही आवळून ठेवा. रीफ लाइन तुटली तर सगळा भार छिद्रांवर येतो.