मदत हवी आहे: मातेरामध्ये गुडघेदुखीवाल्या आईला कसं फिरवू?

ऑक्टोबरमध्ये ग्रुप टूरने दक्षिण इटलीला जातोय, मी आणि आई (वय ७१). एक दिवस बसने बारी - अल्बेरोबेल्लो - मातेरा - परत बारी असा आहे. अल्बेरोबेल्लोची तेवढी काळजी नाही, तिथे चढ आहे पण ती ते त्रुल्ली (शंकूसारख्या छपरांची दगडी घरं) सावकाश बघेल. प्रश्न मातेराचा आहे. मोठी बस सास्सीत (खडकात कोरलेल्या घरांच्या जुन्या वस्तीत) जात नाही, बाहेरच उतरवतात आणि पुढे गाईडबरोबर २ तास पायी, सगळ्या दगडी पायऱ्या नि गुळगुळीत फरशा.

आई काठी घेऊन सपाट रस्त्यावर २०-२५ मिनिटं चालते, कठडा असेल तर १०-१५ पायऱ्या जमतात. व्हीलचेअर नको म्हणते. टूरवाल्यांना विचारलं तर म्हणाले बसमध्ये बसू दे, पण एवढ्या लांब नेऊन तिला बसमध्ये बसवायचं माझ्या जिवावर येतं. मॅपवर पाहिलं पण त्यात पायऱ्या काही कळत नाहीत.

पियाझ्झा विट्टोरियो वेनेतो हा चौक वरच्या सपाट भागात आहे आणि तिथल्या कमानींतून खालची सास्सी दिसते असं वाचलंय. शिवाय तिथे आपल्या अ‍ॅपे रिक्षासारख्या गाड्या फिरवतात म्हणे (अ‍ॅपे मूळची इटलीचीच ना).

हल्ली कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा, बस सोडते तिथून त्या चौकापर्यंत पायऱ्यांशिवाय जाता येतं का, आणि ती रिक्षा आधी बुक करावी लागते की जागेवर मिळते?