मदत हवी आहे: आईला आलेल्या अनुभवाचं काय करू?

बाबा जाऊन आठ महिने झाले. आम्ही कोथरूडला राहतो. एका पहाटे आईला त्यांच्या खोलीतून खाकरणं ऐकू आलं, पाठोपाठ तपकिरीचा वास. तेव्हापासून ती दर एकादशीला आळंदी गाठते. (आधी देवधर्म तिच्या गावीही नव्हता!) काही विचारलं की म्हणते, "मला प्रचिती आली, आता पुरावा कशाला?"

मी थोडं वाचलं. वेल्समधल्या डॉ. डेवी रीस यांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा काही ना काही अनुभव आला होता: बहुतेकांना तो जवळ असल्याचं जाणवलं, काहींना तो दिसला, ऐकूही आला. म्हणजे आईला वेडबिड लागलेलं नाही, एवढी खात्री पटली.

पण खाकरण्यापासून थेट माउलींपर्यंत उडी कशी मारायची? शेजारच्या काकूंना स्वामी समर्थ दिसतात, ऑफिसातल्या मित्राला येशू. सगळेच प्रामाणिक. मग कोणाचं खरं धरायचं? विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाचं म्हणणं मला बरं वाटलं: असा अनुभव ज्याचा त्याच्यापुरता प्रमाण, इतरांवर तो मानण्याचं बंधन नाही. आईला मात्र मीही मानायला हवंय.

आणि खरं सांगू? तपकिरीचा वास त्या पहाटे मलाही आला होता. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का? सांगावं का तिला? परवा एकादशी आहे, "सोबत चल" म्हणतेय.