मदत हवी आहे: रेस लावली की गेम अडखळतो, मागची गाडी ठोकते, स्टिअरिंग मुकं होतं

शाहूपुरी_लॅप
नमस्कार मंडळी. रविवारी इचलकरंजीची पोरं घरी रेस खेळायला येणार आहेत आणि गाड्यांच्या शर्यतीचा गेम धड चालत नाही. एकट्यानं लॅप मारताना सगळं झकास. रेस लावली की सुरुवातीलाच सगळं जड होतं, गाड्या संथ चालल्यासारख्या दिसतात. पहिल्या वळणाला मी ब्रेक लावला की मागची गाडी सरळ येऊन ठोकते, मी तिथं नाहीच असं समजून. आणि लांब वळणात स्टिअरिंग नुसतं घट्ट होऊन बसतं, टायर सुटतोय का धरतोय काही कळत नाही. सेटिंग काय ठेवू ते सांगा. रिइन्स्टॉल झालंय, ड्रायव्हर अपडेट झालेत, तेच परत सांगू नका.

पंचगंगा_काठ
कुठला गेम? पीसी का प्लेस्टेशन?

शाहूपुरी_लॅप
असेटो कोर्सा. पीसी.

नादखुळा_जीटी३
ग्राफिक्स कमी कर भावा. सावल्या, आरसे, धूर, सगळं खाली आण. माझं यानंच सुटलं होतं.

पंचगंगा_काठ
असेटो कोर्सा म्हणजे २०१४ चा, का नंतरचा कॉम्पेटिझिओने? दोघांची दुखणी वेगळी आहेत. व्हील कुठलं, ट्रॅक कुठला, गाड्या किती लावतोस?

शाहूपुरी_लॅप
२०१४ चा. व्हील लॉजिटेक जी२९. ट्रॅक इटलीतला मोंझा. ग्राफिक्स अगदी तळाला नेऊन बघितलं, ढिम्म फरक नाही.

घाटवळण
एआयशी, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या गाड्यांशी, खेळायचंच कशाला? आयरेसिंग घे, तो ऑनलाइन रेसिंगचा गेम. समोर खरी माणसं असतात, सेफ्टी रेटिंग असतं, धडकाधडकी केली की ते घसरतं, त्यामुळं माणूस आपोआप सांभाळून चालवतो. मी एआयचा नाद कधीच सोडला.

पंचगंगा_काठ
घाटवळण, त्याला रविवारी चार पोरांना घरात आळीपाळीनं खेळवायचंय. आयरेसिंगला महिन्याचे पैसे, वर बऱ्याच गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यायचे. शिवाय रूकी म्हणजे नवशिक्या लायसन्सपासून चढत जायचं. रविवारपर्यंत कसं व्हायचं ते?

घाटवळण
मी कायमचा उपाय सांगतोय. एआय कुठल्याच सिममध्ये (खऱ्यासारख्या ड्रायव्हिंगच्या गेममध्ये) माणसासारखा वागत नाही.

पंचगंगा_काठ
ते मान्य. पण त्यानं विचारलंय ते वेगळं आहे. शाहूपुरी, गाड्या किती ते अजून सांगितलं नाहीस. आणि रेस सुरू होताना पडद्यावर सीपीयू ऑक्युपन्सी, म्हणजे प्रोसेसरवरचा भार, ९९ टक्क्यांच्या वर गेल्याची सूचना येते का?

शाहूपुरी_लॅप
ती तर नेहमीच येते. २४ गाड्या, मोंझाला ग्रिड, म्हणजे सुरुवातीची रांग, भरलेलं पाहिजे ना. लॅपटॉप आहे.

पंचगंगा_काठ
मग पहिलं कोडं तिथंच सुटलं. या गेमचं फिजिक्स (गाडीच्या हालचालीचा हिशेब) सेकंदाला ३३३ वेळा मोजलं जातं, आणि एआयच्या प्रत्येक गाडीला तुझ्या गाडीइतकंच पुरतं फिजिक्स लागतं: टायर, सस्पेन्शन, सगळं. हा बोजा प्रोसेसरवर पडतो, ग्राफिक्स कार्डावर नाही. म्हणून सावल्या कमी करून फरक पडला नाही. प्रोसेसर मागं पडला की गेममधलं घड्याळच मंद चालतं, तुला जे जड वाटतंय ते हेच. स्टिअरिंगचे धक्केही त्याच हिशेबातून येतात, म्हणून तेही अडखळतात. गाड्या १२ वर आण आणि सूचना जाईपर्यंत एकेक कमी कर. लॅपटॉप चार्जरला लावून, पॉवर मोड सगळ्यात वर ठेवून खेळ. मागून हवा खेळू दे, तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो.

नादखुळा_जीटी३
आरसे बंद केल्यानं माझ्याकडं फरक पडलाच होता. तेही करून बघायला सांग.

पंचगंगा_काठ
पडला असेल, आरशासाठी चित्र परत काढावं लागतं. पण ऑक्युपन्सीची सूचना आली की आधी गाड्याच मोजायच्या.

उद्यमनगर_लेथ
व्हील टेबलाला लावलंय का? जी२९ च्या पेडलमागं पाय रेटला की खुर्ची मागं सरकते, मग ब्रेक एकसारखा लागतच नाही. त्याच्या ब्रेकमध्ये रबराचा गट्टू आहे, शेवटच्या टप्प्यात जोर लागतो. पायाला अंतरापेक्षा जोर चांगला लक्षात राहतो, म्हणून महागड्या पेडलात लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर) घालतात. आमच्याकडं एमएस पाईपची फ्रेम वेल्ड करून मिळते, सीट भंगार बाजारातली बसवायची. अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलच्या मागं लागू नका, कोल्हापुरात वेल्डरला तोटा नाही.

शाहूपुरी_लॅप
फ्रेमचं नंतर बघू. मागून ठोकतात त्याचं काय?

पंचगंगा_काठ
त्याचं मूळ गेमच्या घडणीत आहे. प्रत्येक ट्रॅकच्या फोल्डरमध्ये एआयसाठी एक आखलेली रेषा असते. कुठं किती वेग धरायचा हे एआय त्या रेषेवरून ठरवतो आणि रेषा सोडायला फार नाखूश असतो. मोंझाच्या सरळ पट्ट्यावरून अडीचशेच्या पुढून येऊन पहिल्या शिकेनला (उलटसुलट वळणांच्या जोडीला) दुसऱ्या गिअरपर्यंत उतरायचं असतं. तू त्याच्या ठरल्या जागेच्या आधी ब्रेक लावलास की त्याला वेळेत सुचत नाही. कंटेंट मॅनेजर, गेम सुरू करायचं वेगळं अ‍ॅप, वापरतोस ना? त्यात एआयची आक्रमकता शून्यावर आण, ताकद ९० च्या आसपास ठेव. ताकद फार कमी केली तर वळणात ते मधेच हळू होतात आणि मग तू त्यांना ठोकतोस. कस्टम शेडर्स पॅच या चाहत्यांनी केलेल्या जोडणीत एआयच्या नव्या वागणुकीचा वेगळा भाग आहे, तो चालू करून बघ. पूर्ण बरं होणार नाही. या गेममध्ये मला एकच गोष्ट बदलता आली असती तर मी हीच बदलली असती: शेजारी गाडी आहे हे ओळखून वळणात एक गाडीची जागा सोडणारा एआय. गाडीची पकड इतकी मनापासून घडवलीय आणि सोबतीला आंधळे स्पर्धक दिलेत, याची खरंच हळहळ वाटते.

रंकाळा_संध्याकाळ
पाऊस हवा असेल तर मूळ गेममध्ये नाहीच, रात्रही नाही. पॅचच्या पैसे देऊन मिळणाऱ्या आवृत्तीत पाऊस येतो. ओल्या रस्त्यावर नेहमीची रेषा सोडून बाहेरून जावं लागतं, कारण रबर बसलेला भाग निसरडा होतो. फार सुंदर जमवलंय. जरूर घ्या.

शाहूपुरी_लॅप
पाऊस कुणी मागितला? स्टिअरिंगचं सांगा.

हुपरी_कार्ट
स्टिअरिंग गेममध्ये कितीही सुधारा, पाठीला काही कळत नाही. गाडी सुटते ते आधी कमरेला समजतं, हाताला नंतर. आपल्या हुपरीत कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात तिथं. पोरांना घेऊन तिकडं जा. कार्टला डिफरन्शिअल नसतं, मागचा अ‍ॅक्सल सलग, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. वळताना आतलं मागचं चाक हलकं करून उचलायला लागतं, नाहीतर कार्ट सरळच जाते. हे एकदा अंगात बसलं की कुठलाही गेम सोपा.

घाटवळण
मर्दा, सिममध्ये शिकून खऱ्या गाडीत गेलेली माणसं आहेत. यान मार्डनबरो ग्रॅन टुरिस्मो गेमच्या अकादमीतून २०११ ला निवडला गेला आणि २०१३ ला ल मांसच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या वर्गात तिसरा आला. सगळं कमरेलाच कळत असतं तर हे झालं असतं का?

हुपरी_कार्ट
त्यालाही आधी खऱ्या गाडीत बसवून शिकवलंच की. थेट टीव्हीसमोरून उठून ल मांसला नाही गेला.

पंचगंगा_काठ
हा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या, चांगला चालेल. शाहूपुरी, तुझ्या तिसऱ्या तक्रारीला क्लिपिंग म्हणतात. जी२९ ची ताकद साधारण २ न्यूटन मीटर. गेमनं त्याहून जास्त मागितलं की मोटर आपल्या कमाल जोरावर अडकून राहते. मग कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) काय, टायर घसरणं काय, सगळं एकाच पातळीवर, काहीच वेगळं जाणवत नाही. गेममध्ये पेडल्सचं छोटं अ‍ॅप आहे, त्यात फोर्स फीडबॅकची (स्टिअरिंगला मिळणाऱ्या जोराची) पट्टी असते. लांब वळणात ती लाल होऊन राहिली तर गेन (त्या जोराचं सेटिंग) उतरव. मोंझाच्या लेस्मो वळणाला क्षणभर लाल झाली तर चालेल, शेवटच्या पाराबोलिका वळणात सलग लाल नको. व्हील हलकं वाटेल, पण बोलायला लागेल. व्हील मधोमध असताना ढिलं लागतं त्यासाठी मिनिमम फोर्स थोडा वाढव, व्हील सरळ रस्त्यावर थरथरायला लागलं की एक पायरी मागं ये.

नादखुळा_जीटी३
मी गेन शंभरच ठेवतो. दंडाला व्यायाम झाला पाहिजे.

पंचगंगा_काठ
दंडाला जोर हवा असेल तर डायरेक्ट ड्राइव्ह (मोटरला थेट जोडलेलं व्हील) लागतं, ५ ते ८ न्यूटन मीटरची आता सहज मिळतात. जी२९ वर शंभर ठेवून जोर वाढत नाही, तपशील तेवढा जातो. आणि हो, एफओव्हीही, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोन, बघून घे. या गेममध्ये तो कोन उभा मोजतात. २४ इंची मॉनिटरची उंची सुमारे ३० सेंटिमीटर, डोळ्यापासून ६० वर ठेवला तर कोन येतो साधारण २८ अंश. सुरुवातीला नळीतून बघितल्यासारखं वाटतं, पण ब्रेकच्या खुणेचं अंतर खरं दिसतं.

घाटवळण
सुधारणाच मागायच्या तर मला भारतातला ट्रॅक हवा होता. बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, २०११ ते २०१३ तिथं एफ-वन झाली, तिन्ही वेळा वेटेल जिंकला. तरी मूळ असेटो कोर्सात नाही, मॉडवर (चाहत्यांनी बनवलेल्या ट्रॅकवर) भागवायला लागतं. मॉडर लोकांनी टोकियोचा शुतोको हायवे उभा केलाय, मग गगनबावड्याहून खाली उतरणारा करूळ घाट का नाही?

उद्यमनगर_लेथ
करूळ झाला तर मी पहिला. दरडीसकट करा.

हुपरी_कार्ट
आधी हुपरीचा ट्रॅक करा. लहान आहे, लवकर होईल.

शाहूपुरी_लॅप
पंचगंगा, लय आभार. १४ गाड्यांवर सूचना गेली आणि खेळ सरळ चालला. १६ ला परत आली. गेन ६५ वर आणला, पाराबोलिकात बाहेर पडताना मागचा टायर सुटतो ते आता हाताला आधी कळतं. आक्रमकता शून्य केल्यावर पहिल्या शिकेनला ठोकणं कमी झालंय, पण दुसऱ्या शिकेनला आत घुसलो की अजून वाट बंद करतात. त्याला काही उपाय आहे का? का पोरांना सांगू, तिथं ओव्हरटेक करू नका म्हणून? आणि उद्यमनगर, रेटून ब्रेक मारला की खुर्ची सरकतेच. ती फ्रेम शनिवारपर्यंत होईल का?

पंचगंगा_काठ
दुसऱ्या शिकेनला थांबायला सांग. पाराबोलिकातून चिकटून बाहेर पडा, मग सरळ पट्ट्यावर स्लिपस्ट्रीममध्ये (पुढच्या गाडीच्या आडोशाला) घ्या. तिथं एआय वाट देतो.

उद्यमनगर_लेथ
शनिवारी देतो. पण माप कोण सांगणार? बसून गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती, आणि पोरांत सगळ्यात उंच कोण?