प्रतिसाद: सबटायटल वाचू की चेहरे पाहू?

परदेशी सिनेमा पाहताना सबटायटल वाचण्यात चेहरे पाहायचे राहून जातात, अशी तक्रार ऐकू येते. माझंही आधी तसंच व्हायचं. मग मागच्या मे महिन्यात, नागपुरातल्या रणरणत्या दुपारी, बाबांसोबत जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 'इकिरू' (१९५२) पाहिला. पोटाचा कर्करोग झाल्याचं कळल्यावर जागा झालेला एक जपानी कारकून. घाण पाण्याच्या डबक्याची तक्रार घेऊन आलेल्या बायकांना या खात्यातून त्या खात्यात फिरवतात, तो प्रसंग सुरू झाला आणि बाबांनी उठून कूलरच बंद केला! भाषा कळत नव्हती, तरी आवाज नीट ऐकायचा होता त्यांना. तेही कारकूनच होते. शेवटी बर्फात झोक्यावर बसलेला तो म्हातारा दिसला, तेव्हा खोलीत घामाच्या धारा लागल्या होत्या, पण आम्ही दोघंही हललो नाही.

सुरुवात मात्र इराणी दिग्दर्शक माजिद मजिदींच्या 'चिल्ड्रन ऑफ हेवन'पासून (१९९७) करा. भावाबहिणीत बुटांचा एकच जोड, आळीपाळीने घालून दोघं शाळेत पळतात. तिथे वाचायला फार नाहीच, सगळं डोळ्यांत आहे.

प्रेमाबद्दल विचाराल तर दिग्दर्शक मिखाएल हानेकेंचा फ्रेंच सिनेमा 'आमूर' (२०१२): आजारी बायकोची सेवा करणारा वृद्ध नवरा. फार जड आहे, सोबत कुणी असताना पाहा.